सांभाळून जा

अपघात नवशिक्याला होतो, असा आपला सर्वसाधारण समज असतो. माझ्या वडिलांना तो मान्य नाही. आबा गेली बावीस वर्षे ठेकेदाराकडे विजेच्या खांबांवर काम करीत आहेत. शाळा चौथीपर्यंत झालेली. पण त्यांचे एक वाक्य मला पाठ्यपुस्तकातील कोणत्याही वाक्याइतके मोलाचे वाटते. ते म्हणतात, "नवं पोरगं भितंय, म्हणून वाचतंय. जुनं माणूस सरावतंय, अन् मग गावतंय."

त्यांच्याबरोबरचा एक गडी असाच गावला. गणपतीच्या आदल्या दिवसाची गोष्ट. लाइन बंद करून घेतली होती, परमिट हातात होते. रबरी हातमोजे मात्र खाली पिशवीत राहिले आणि तारांना साखळी टाकून अर्थिंग करायचे तेही राहिले. काम पाच मिनिटांचे होते. कोणाच्या तरी जनरेटरमधून उलटा प्रवाह आला आणि त्या माणसाचा उजवा हात कोपरापासून गेला. त्याला नियम माहीत नव्हते असे मुळीच नाही. नव्या पोरांना ते नियम तोच शिकवीत असे.

मला लिहायचे आहे ते विजेविषयी नाही. पण माहिती असणे वेगळे आणि माहिती असूनही वर्षानुवर्षे सावध राहणे वेगळे, हा फरक मला प्रथम कळला तो आबांच्या बोलण्यातून. म्हणून सुरुवात त्यांच्यापासून केली. माझा विषय असा आहे की, समलैंगिक आणि उभयलैंगिक पुरुषांनी एच.आय.व्ही.पासून सुरक्षित राहण्याच्या सवयी टिकवायच्या कशा? वार्षिक अंकात हा विषय शोभत नाही असे काही वाचकांना वाटेल. आमच्या अंकात आई, गाव, पाऊस आणि एस.टी. यांवर लिहिण्याची प्रथा आहे आणि ती चांगलीच आहे. परंतु आपल्या वर्गात शेजारच्या बाकावर बसणाऱ्या एखाद्याचा हा स्वतःचा विषय असू शकतो आणि तो कोणालाच सांगत नसेल, एवढे जरी ध्यानात घेतले तरी या विषयाला दोन-तीन पाने देणे जड जाऊ नये.

माझ्यापुरता हा विषय घरातला आहे. माझा मावसभाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. पुण्याजवळ एका कारखान्यात पाळीने काम करतो. घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा पहिला मी, आणि ती पायरी चढण्यासाठीची पहिल्या वर्षाची फी भरली ती दादाने. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही दोघे गच्चीवर झोपलो असता त्याने मला सांगितले की, त्याला पुरुषच आवडतात, लहानपणापासून आवडतात, आणि तो लग्न करणार नाही. थोडा वेळ आम्ही दोघेही गप्प होतो. मग मी विचारले, "मलाच का सांगितलंस?" तो म्हणाला, "कोणाला तरी ठाऊक असावं रे." हा लेख मी त्याच्या परवानगीने लिहीत आहे. त्याचे नाव व गाव यात नाही.

आपल्याकडे घरातून कोणी बाहेर निघाले की उंबऱ्यातून हाक येते, "सांभाळून जा." मराठीतला हा फार साधा आणि फार मोठा आशीर्वाद आहे. पण ज्याला आपण कुठे चाललो हेच सांगता येत नाही, त्याच्या वाट्याला तो पुरता येत नाही. दादा सुट्टीच्या दिवशी कोणाला भेटायला जातो हे मावशीला ठाऊक नाही. तिचे "सांभाळून जा" हे महामार्गावरच्या ट्रकांपुरतेच असते. बाकीचे सांभाळणे त्याचे त्याने करायचे, एकट्याने, आणि रोज.

दादाचा एक मित्र आहे. तो एका संस्थेचा स्वयंसेवक होता. निरोध वाटणे, तो कसा वापरायचा हे समजावून सांगणे, चाचणीला सोबत जाणे ही त्याची कामे. दोन वर्षांत त्याने शेकडो जणांना हे सांगितले असेल. मग त्याची आई वारली. पुढचे सहा-सात महिने तो कामावर जात होता, जेवत होता, पण कशातच नव्हता. त्या दिवसांत कोणीतरी आपल्याजवळ बसावे एवढेच त्याला हवे होते. निरोधाचे पाकीट काढून दोघांच्या मध्ये थांबण्याची ताकद त्याच्यात नव्हती. वर्षअखेरीस त्याची चाचणी पॉझिटिव्ह आली. आज तो नियमित औषध घेतो, त्याची प्रकृती उत्तम आहे, आणि नोकरीही चालू आहे. पण दादाने ही हकीगत सांगितली तेव्हा मला त्या हात गेलेल्या माणसाची आठवण झाली. या दोघांना आणखी एक भित्तिपत्रक दाखवून काय उपयोग झाला असता?

या प्रश्नाची उत्तरे शोधण्याचे काम जगात बरेच आधी सुरू झाले. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधील पाच तरुण समलैंगिक पुरुषांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद छापून आली. एड्सचा लिखित इतिहास येथून धरतात. सरकार गप्प होते, वर्तमानपत्रे कुजबुजत होती. अशा वेळी, १९८३ साली, न्यूयॉर्कमधील मायकेल कॅलन आणि रिचर्ड बर्कोविट्झ या दोन तरुणांनी डॉ. जोसेफ सोनाबेंड यांच्या मार्गदर्शनाने एक पुस्तिका काढली. साथीच्या काळात शरीरसंबंध कसे ठेवावेत, हाच तिचा विषय. आजाराच्या कारणाविषयी त्यांची जी कल्पना होती ती पुढे चुकीची ठरली. पण निरोध वापरा हा सल्ला मात्र अचूक ठरला. 'संबंधच ठेवू नका' असे न सांगता, आपल्या जोडीदाराविषयी जिव्हाळा बाळगा आणि दोघेही सुरक्षित राहा, असे त्या पुस्तिकेने सांगितले. म्हणजे सुरक्षित संबंधांची ही कल्पना कोणा सरकारी कचेरीत जन्मली नाही. ज्यांच्यावर प्रसंग आला होता त्यांनीच ती मांडली. मला ही गोष्ट फार अभिमानाची वाटते.

त्यानंतर सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरांत समलैंगिक पुरुषांनी आपल्या सवयी इतक्या झपाट्याने बदलल्या की नवी लागण वेगाने खाली आली. परंतु १९९०च्या सुमारास संशोधकांना दिसू लागले की, पूर्वी सावध असलेले काही जण पुन्हा निरोध सोडीत आहेत. त्याला त्यांनी 'रिलॅप्स' असे नाव दिले. हा शब्द दारू सुटलेला माणूस पुन्हा प्यायला लागतो त्यासाठी वापरतात. अनेकांना तो खटकला, आणि योग्यच खटकला. कारण त्या शब्दात माणसाच्या दुबळेपणाचा निवाडा आहे. तो कोणत्या परिस्थितीत सावध राहायचे थांबला, याची चौकशी नाही.

ती चौकशी ऑस्ट्रेलियात चांगली झाली. सुझन किपॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू साउथ वेल्समधील पुरुषांच्या अभ्यासावरून १९९३ मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केले. सुरक्षितता टिकवणे हाच त्या पुस्तकाचा विषय. त्यात पुढे आलेली मुख्य गोष्ट अशी की, जे पुरुष आपल्यासारख्या इतरांशी जोडलेले होते, ज्यांचे मित्र होते, बैठका होत्या, बोलायला जागा होती, त्यांच्यात बदल घडला आणि टिकला. एकट्या पडलेल्यांच्या बाबतीत ते कठीण होते.

त्याच संशोधकांनी आणखी एक शहाणपणाची गोष्ट नोंदवली. कायम एकत्र राहणारी काही जोडपी आपसात निरोध वापरीत नव्हती. हे बेफिकिरी म्हणून झटकून न टाकता त्यांनी त्यातला करार समजून घेतला. दोघांनी आधी चाचणी करायची, विषाणू लागणीनंतर लगेच चाचणीत दिसत नाही म्हणून ठरावीक काळाने पुन्हा करायची, दोघेही निगेटिव्ह असल्याचे एकमेकांना स्पष्ट सांगायचे, बाहेर संबंध आला तर तेथे निरोध सोडायचा नाही, आणि कधी चुकलेच तर घरी येऊन सांगायचे. यातली शेवटची अट सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाची. नुसते "मी ठीक आहे" हे शब्द म्हणजे हातातले परमिट. चाचणी म्हणजे अर्थिंगची साखळी. विश्वास दोन्हींत आहे, पण साखळी टाकलेला विश्वास निराळा.

आता आपल्याकडे पाहू. भारतात एच.आय.व्ही.ची पहिली नोंद १९८६ साली चेन्नईत झाली, डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांचे ते काम. मुंबईत १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक निघाले आणि १९९४ मध्ये अशोक राव कवी यांच्या पुढाकाराने 'हमसफर ट्रस्ट' उभा राहिला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये 'समपथिक ट्रस्ट' स्थापन केला. या विषयावर मराठीत त्यांनी विपुल लेखन केले आहे. या मंडळींनी काम केले ते कायद्याच्या टांगत्या तलवारीखाली. २००१ च्या जुलैमध्ये लखनौत पुरुषांमध्ये एच.आय.व्ही. प्रतिबंधाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनाच कलम ३७७ खाली अटक झाली आणि त्यांना दीड महिन्याच्या आसपास तुरुंगात काढावे लागले. ज्याच्या पिशवीत निरोध आणि माहितीपत्रके, तोच गुन्हेगार ठरला! याच कलमाविरुद्ध 'नाझ फाउंडेशन'ने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. या कलमाच्या भीतीने माणसे दडून राहतात आणि प्रतिबंधाचे काम त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, हा त्यांचा एक मुख्य मुद्दा होता. २००९ मध्ये निकाल बाजूने लागला, २०१३ मध्ये तो फिरला, आणि अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले.

कायदा बदलला, पण लपणे एका दिवसात संपत नाही. शासनाच्या २०१७च्या पाहणीत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये एच.आय.व्ही.चे प्रमाण २.६९ टक्के आढळले. त्याच वर्षी देशातील एकूण प्रौढांमध्ये ते सुमारे ०.२२ टक्के होते. दहापटीहून जास्त! हा आकडा वाचून कोणी नाके मुरडतील. मला त्यात बंद दारे दिसतात.

मी दादाला विचारले, "सगळं माहीत असताना माणसाचं सुटतं कशामुळे?" त्याने सांगितलेली कारणे मी तशीच देतो. पहिले, जागा. स्वतःची खोली नसलेल्या माणसाला सगळे घाईत आणि अंधारात उरकावे लागते. घाईत पहिली सुटते ती काळजी. दुसरे, खिसा. निरोध खिशात ठेवला तर धुण्याच्या वेळी आईच्या हाती लागेल ही भीती. तिसरे, दारू. चौथे, प्रेम, "आता आपण एकमेकांचे झालो, मग मध्ये हे कशाला?" असे कोणी म्हटले की नाही म्हणणे म्हणजे अविश्वास दाखवणे वाटते. आणि पाचवे, कंटाळा. "दहा वर्षं रोज हेल्मेट घाल, मग समजेल तुला," तो हसत म्हणाला. मी मनात म्हटले, हे तर आबांचेच बोलणे.

उभयलैंगिक पुरुषांचे प्रश्न याहून थोडे निराळे आहेत. ज्याला स्त्री आणि पुरुष दोघेही आवडतात, त्याला दोन्हीकडचे लोक खोटा ठरवतात. तो संस्थेच्या बैठकीत जात नाही आणि घरीही बोलत नाही. त्यात आपल्याकडे लग्न हे विचारून होत नाही, लावून दिले जाते. समलैंगिक मुलाचेही लावून दिले जाते. मग एका माणसाच्या गप्प बसण्याची किंमत दोघे मोजतात. मावशीने यंदा दादासाठी स्थळे पाहायला सुरुवात केली आहे. तो नाही म्हणतो आहे. त्याच्या त्या नकाराला घरात हट्ट म्हणतात. मी त्याला प्रामाणिकपणा म्हणतो.

सुरक्षिततेची साधने आज पूर्वीपेक्षा पुष्कळ आहेत. निरोध आहेच, त्याबरोबर पाण्यावर आधारित वंगण वापरावे. खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावले तर रबर कमकुवत होऊन निरोध फाटतो, ही साधी गोष्ट अनेकांना माहीत नसते. संबंधात धोका झाला असे वाटल्यास ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितके बरे, डॉक्टरांकडे जाऊन अठ्ठावीस दिवसांचे प्रतिबंधक औषध सुरू करता येते. ज्यांना धोका वारंवार आहे त्यांच्यासाठी आधीपासून घ्यायची 'प्रेप' ही गोळी आहे. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, आधी चाचण्या करून आणि पुढे दर तीन महिन्यांनी तपासणी करूनच घ्यायची. मात्र ही गोळी गरमी, परमा यांसारख्या इतर गुप्तरोगांपासून वाचवीत नाही. त्यासाठी निरोध आणि तपासणी यांना पर्याय नाही. शासकीय रुग्णालयातील समुपदेशन केंद्रात एच.आय.व्ही.ची चाचणी विनामूल्य होते, आणि २०१७च्या कायद्याने रुग्णाची संमती व गुप्तता दोन्ही बंधनकारक केली आहेत. १०९७ हा दूरध्वनी क्रमांकही विनाशुल्क आहे.

ज्यांना लागण झाली आहे त्यांच्याविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. नियमित औषधाने रक्तातील विषाणू इतका कमी होतो की तो चाचणीत सापडत नाही, आणि तसा तो राहिला तर शरीरसंबंधातून दुसऱ्याला एच.आय.व्ही. लागत नाही. युरोपात एक जण पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह अशा ७८२ पुरुष जोडप्यांचा अभ्यास झाला. २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निरोधाशिवाय सुमारे शहात्तर हजार वेळा संबंध येऊनही, औषध घेणाऱ्या जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नाही. दादाच्या मित्राला ही माहिती मिळाली त्या दिवशी तो आईच्या पश्चात पहिल्यांदा पोटभर जेवला, असे दादा सांगतो. म्हणजे औषध चुकवू नये हीसुद्धा टिकवण्याचीच गोष्ट, आणि तिलाही कोणाची तरी सोबत लागते.

आमच्या महाविद्यालयातून १ डिसेंबरला जागतिक एड्स दिनाची फेरी निघते. गेल्या वर्षी मीही फलक धरून चाललो. फलकांवर पती-पत्नी होते, गर्भवती माता होती, ट्रकचालक होता. दादासारखा कोणी त्या फेरीत चालत असेल, तर त्याला काय वाटले असेल? आपल्या हातातला फलक आपल्याविषयी नाही, असेच ना? त्याचे उल्लेख टाळून आपण शालीनता राखतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आपण त्याला एवढेच कळवतो की, तुझे तू पाहा. माझी प्राध्यापकांना आणि मित्रांना विनंती आहे की, येत्या फेरीत एक फलक त्याच्यासाठीही असावा. त्यावर फार मोठे काही लिहायला नको. 'पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांनाही येथे विचारता येईल, कोणी हसणार नाही,' एवढे पुरे. आणि खरोखरच कोणी हसू नये.

मी दादासाठी फारसे काही करीत नाही. मोबाइलमध्ये दर तीन महिन्यांनी एक तारीख लावून ठेवली आहे. त्या दिवशी मी त्याला फोन करतो आणि विचारतो, "जाऊन आलास का?" तो म्हणतो, "आलो," किंवा "उद्या जातो." उद्या म्हणाला तर मी परवा पुन्हा फोन करतो. एकदा तो वैतागला. म्हणाला, "तू काय माझी आई आहेस का?" मी म्हणालो, "मावशीला सांगतोस का? मग मी नाही विचारणार." त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तूच विचारत जा."

तेव्हापासून मी विचारतो आहे.

(द्वितीय वर्ष, कला)